जड ते पुढे

टायरवाला गाडीखाली शिरला तो बराच वेळ बाहेर येईना, तेव्हाच ड्रायव्हर तराजूला कळलं की काहीतरी बिनसलंय. नेहमी हा माणूस काम करताना तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. आज गाडीखालून नुसते दोन पाय दिसत होते आणि अधूनमधून एक 'हं' ऐकू येत होता.

तराजू हे काही त्याचं बारशाचं नाव नव्हे. फार वर्षांपूर्वी घाटातल्या उतारावर भरल्या गाडीचा मागचा टायर फुटला होता. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण गाडी ज्या कडेला जाऊन थांबली ती कड त्याला पुढे कितीतरी दिवस झोपेत दिसत होती. मागच्या चाकांवर भार फार पडला म्हणून टायर गेला, असं त्याला तेव्हा कुणीतरी सांगितलं, आणि त्याने तिथल्या तिथे नियम करून टाकला: जड ते पुढे, हलकं ते मागे. तेव्हापासून माणूस लांबून येताना दिसला की तो त्याला नजरेने तोलायचा आणि जागा दाखवायचा. वर अगदी गंभीर चेहरा ठेवून. वसतिगृहाचा आचारी एकटा दोघांच्या तोलाचा, म्हणून त्याला ड्रायव्हरशेजारची सीट. हेडमास्तर काटकुळे, म्हणून ते शेवटच्या बाकावर. ज्याने जन्मभर मागच्या बाकावरच्यांचा उद्धार केला, त्याच्याच वाट्याला मागचा बाक यावा हे हेडमास्तरांना अजून पचलेलं नव्हतं. नर्सबाई मधल्या रांगेत. एकदा सुट्टीवरून परत आल्यावर तराजूने त्यांना एक रांग पुढे बसायला सांगितलं, तर बाई आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

तर असा हा तराजू. गाडी रोज सकाळी गावातली नोकरदार मंडळी घेऊन घाटापलीकडच्या शहरात जायची आणि संध्याकाळी परत आणायची. सगळे नियमाने बसायचे आणि सगळे नियमावरून त्याची टिंगल करायचे. नियमाला अपवाद असा एकच होता, आणि त्याबद्दल मात्र गाडीत कुणी तोंडावर बोलत नसे.

टायरवाला बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "मागच्या डाव्या टायरला आवाळू आलंय. आतल्या बाजूने. म्हणून तुला दिसलं नाही."

"फुटेल?"

"फुटेल का ते विचारू नकोस. कधी ते विचार." दोघे एका शाळेत शिकलेले, त्यामुळे टायरवाल्याच्या बोलण्याला आडपडदा नव्हता. "लेका, तेव्हाच सांगत होतो तुला. हे घरगुती गाडीचे टायर आहेत. नवरा, बायको, दोन पोरं आणि फार तर एक कुत्रं, एवढ्यांसाठी. तू त्यावर अख्खी कचेरी घेऊन घाट चढतोस."

"चालायला मऊ आहेत," तराजू पुटपुटला.

"मऊ तर उशी पण असते. उशीवर चालव गाडी."

तराजूची थोरली बहीण बाजूच्या स्टुलावर बसून हे सगळं ऐकत होती. गाडी निम्मी तिची होती, आणि भाऊ तर पूर्णच तिचा होता, असं ती मानायची. ती आज मुद्दाम आली होती ती रिम पसंत करायला. भिंतीवर टांगलेल्या चकचकीत रिमांवरून तिची नजर हलत नव्हती. "त्या बघ रे," ती म्हणाली, "काय दिसेल गाडी. नाहीतरी आपली गाडी लांबून डब्यासारखीच दिसते."

"ताई, त्या मिरवायला ठीक आहेत," टायरवाला म्हणाला. "वजन ओढायचं असेल तर साधी पोलादी रिम घ्यायची. रिमच्या पाठीवर छापलेलं असतं किती भार पेलेल ते. टायर मजबूत घेतला आणि रिम नाजूक घेतली, तर पैलवानाला रेशमी सपाता घातल्यासारखं होईल." मग त्याने कोपऱ्यातून एक काळाकभिन्न टायर लोळवत आणला आणि तराजूसमोर उभा केला. "हा बघ. मालवाहू गाडीचा. आत थरांवर थर आहेत. याच्या कडेवरचा आकडा बघ आणि तुझ्या टायरवरचा बघ. आणि जरा दाबून बघ."

तराजूने टायरची कड दाबली. टायर ढिम्म हलला नाही, अंगठा मात्र दुखला.

"यात हवा पण दाबून भरायची असते. गाडी दणकेल थोडी, तेवढं सहन करायचं. पण एकदा हे घातले ना, की तुझं ते जड-हलकं कायमचं विसर. कुणीही कुठेही बसू दे. आचाऱ्याला शेवटच्या बाकावर आडवा झोपव, टायर हूं की चूं करणार नाहीत."

आता ही बातमी ऐकून कुठल्याही ड्रायव्हरने टायरवाल्याला चहा पाजला असता. तराजूचा चेहरा मात्र उतरला. ताईने तो उतरताना पाहिला आणि पदर तोंडाला लावून ती रिमांकडे बघायला लागली.

कारण नियम गेला असता तर टेलरबाईंची सीट गेली असती.

टेलरबाई शहरात शाळेचे गणवेश शिवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन आपल्या घरी सुखात. पहिल्या दिवशी त्या गाडीपाशी आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत शिलाई मशीनचं डोकं होतं, दुरुस्तीला न्यायचं. बाई स्वतः अंगाने इतक्या किरकोळ, की नियमाप्रमाणे त्यांची जागा हेडमास्तरांच्याही मागे, म्हणजे जवळजवळ डिकीत आली असती. पण तराजूने पिशवीकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मशीन जड आहे. जड ते पुढे. आणि तुम्हीही पुढेच बसा, म्हणजे ते सांभाळता येईल." आचारी त्या दिवसापुरता म्हणून दुसऱ्या रांगेत गेला, तो तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातात पिशवी होतीच. तिसऱ्याही दिवशी होती. पिशवीत काय आहे हे तराजूने कधी विचारलं नाही. त्याला ती जड दिसायची आणि तेवढं त्याला पुरत होतं.

त्यांचं बोलणं तरी असं काय होतं. 'आज धुकं आहे.' 'हो ना.' 'तो पूल अजून झाला नाही.' 'कसा होईल.' पण घाटाच्या पहिल्या वळणावर बाई काच अर्धी खाली करायच्या, आणि शेवटच्या वळणावर वर करायच्या, आणि त्या मधल्या वेळात तराजू सुखी असायचा. लग्नाचं राहून गेलेल्या माणसाला सुखाचा अंदाज नसतो असं काही नाही. हे त्याचं प्रेम होतं, आणि ते त्याला चांगलं कळत होतं. फक्त ते त्याने वजनाच्या नावावर खपवलं होतं, आणि आता हा टायरवाला तेच दुकान बंद करायला निघाला होता.

"विचार करतो," तराजू म्हणाला.

"कसला विचार?" ताई म्हणाली. "आवाळू विचार करायला थांबणार आहे का?"

"स्टेपनी लावून देतो दोन दिवसांपुरती," टायरवाला म्हणाला. "पण अंदाजाने मी टायर देत नाही. रोजची माणसं, रोजचं सामान भर आणि खडीच्या ट्रकांच्या काट्यावर चल. पुढच्या चाकांवर किती आणि मागच्या चाकांवर किती, वेगवेगळं कळलं पाहिजे. उद्या सकाळी मीच येतो. नाहीतर तू एकटा जाशील आणि येऊन मला काहीतरी गोड आकडा सांगशील."

दुसऱ्या दिवशी गाडीत बातमी फुटली तेव्हा एकच कालवा झाला. आचारी म्हणाला, "मी काट्यावर चढणार नाही. मी काय खडी आहे?" नर्सबाई रोज वॉर्डात माणसांची वजनं करायच्या, पण स्वतःचं म्हटल्यावर त्यांना आज नेमकं लवकर पोचायचं होतं. हेडमास्तर मागच्या बाकावरून म्हणाले की मोजमापाला भिण्याचं कारण नाही, आणि हे बोलायला त्यांचं काय जात होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. शेवटी टायरवाल्याने शपथेवर सांगितलं की एकेकट्याचं वजन कुणीही करणार नाही, सगळ्यांचं मिळून होईल, आणि पापात सगळे सारखे वाटेकरी असतील. तेव्हा कुठे आचारी दुसऱ्या रांगेत टेकला आणि सीटने सुस्कारा सोडला.

टेलरबाई मात्र पायाशी ठेवलेली पिशवी जरा आत सरकवून बसल्या. तराजूला वाटलं, बाईंना पाठीचा त्रास पुन्हा सुरू झाला असावा, आणि त्याने रस्त्यातले खड्डे आणखी जपून चुकवायला सुरुवात केली.

वजनकाटा खडीच्या खाणीपाशी होता. जमिनीत लोखंडी फळ्यांचा मोठा चौथरा, आणि शेजारच्या खोलीत बसलेला काटेवाला. ट्रकवाल्यांना इंजिनाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून तो भोंग्यावर बोलायचा, आणि आज समोर ट्रक नसून माणसं आहेत म्हणून आवाज कमी करावा हे त्याच्या गावीही नव्हतं. "पुढची चाकं घ्या," भोंगा म्हणाला. तराजूने पुढची चाकं चौथऱ्यावर घेतली. गाडीत सगळ्यांनी नकळत पोट आत ओढलं.

"आता सगळी गाडी घ्या." घेतली. "आता पुढची उतरवा, मागची राहू द्या." तेही केलं.

आकडे खिडकीतल्या लाल दिव्यांच्या पाटीवर उमटत होते. टायरवाला त्यांच्याकडे बघून मान हलवत होता. "मागे जास्त आहे, ते मला माहीतच होतं," तो गाडीपाशी येऊन म्हणाला. "पण पुढेही माझ्या हिशेबापेक्षा जास्तच येतंय. पुढे तर तू आणि बाई. तू काही एवढा जाडजूड नाहीस, आणि बाई तर..." त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं. "बाई, जरा उतरता का? बघू कितीचा फरक पडतो."

तराजूने गाडी परत मागे घेऊन पुढची चाकं चौथऱ्यावर आणली. बाई उतरल्या आणि पिशवीचे बंद धरायला वाकल्या. तेवढ्यात आचाऱ्याला काय सुचलं कोण जाणे. पुढच्या सीटवर त्याचा जुना हक्क होता, त्यामुळे तिथलं काहीही उचलताना त्याला आपल्याच घरचं वाटत असावं. "राहू द्या बाई, मी घेतो," म्हणत तो खाली उतरला आणि पिशवीला हात घातला. मोठमोठी पातेली एका हाताने उतरवणारा माणूस तो. पिशवी अर्धी उचलली आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने दुसरा हात लावला आणि पिशवी कशीबशी चौथऱ्याबाहेर नेऊन ठेवली.

"पुढचं एकदम उतरलं," भोंगा गरजला. "एवढं कमी कसं झालं हो? बाई उतरल्या की इंजिन उतरवलंत?"

बाई नको नको म्हणेपर्यंत पिशवीचं तोंड उघडं पडलं. आत वर एक घडी केलेलं कापड होतं. त्याच्याखाली कोळशाच्या दोन जुन्या लोखंडी इस्त्र्या होत्या. त्याखाली शिलाई मशीनचं ओतीव चाक, आणि तळाशी एक लोखंडी खलबत्ता. आचाऱ्याने खलबत्ता बाहेर काढला, कारण शेवटी प्रत्येकाला आपल्या ओळखीची वस्तू आधी दिसते. त्याने तो उलटसुलट केला आणि अगदी मनापासून विचारलं, "बाई, यानं काय शिवता?"

कुणी हसलं नाही. बाईंचे कान लाल झाले होते, पण त्यांनी नजर खाली घातली नाही. त्या तराजूकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात पहिल्या दिवशी. जड ते पुढे. मशीनचं डोकं तर दुरुस्तीला दिलं. मग मी वजन कुठून आणायचं?"

"म्हणजे हे रोज?" हेडमास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"रोज."

"उचलून?"

"नाहीतर काय, ती चालत येते?"

तराजू स्टिअरिंग धरून बसला होता. खोटं कशाला सांगा, त्याच्या मनात पहिला विचार ड्रायव्हरचाच आला, की एवढं लोखंड आपण इतकी वर्षं घाटातून फुकट वाहिलं. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला, पण तो आला तेव्हा त्याचे हात स्टिअरिंगवरून सुटले. ही एवढीशी बाई. रोज सकाळी घरापासून थांब्यापर्यंत दोन इस्त्र्या उचलून येते. कशासाठी, तर त्याच्या एका फाजील नियमासाठी. आणि तो नियम त्याने स्वतःच तिच्यासाठी वाकवलेला. त्याला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की दोन्हींना एकदम कुठे जागा द्यावी ते त्याला कळेना.

आणि अशा वेळी माणूस नेमकं नको ते बोलतो. "मग पाठ दुखेल नाहीतर काय," तो म्हणाला. "तुम्ही एकदा उतरताना म्हणालात पाठ दुखते. म्हणून मी मऊ टायर घेतले. मला वाटलं गाडी दणकते म्हणून दुखते."

टायरवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणून ते टायर घेतलेस? यांच्या पाठीसाठी? आणि मी इतके दिवस समजत होतो, तुला अक्कल नाही."

आता मात्र गाडी हसली. नर्सबाई हसता हसता डोळे पुसू लागल्या, भोंग्यातून काटेवाल्याचंही हसणं ऐकू आलं, आणि आचाऱ्याने खलबत्ता सन्मानाने परत पिशवीत ठेवला. हसणं वाईट नव्हतं. पण बाईंना ते सोसलं नाही. त्यांनी पिशवी काटेवाल्याच्या दाराशी नेऊन ठेवली, संध्याकाळी नेते म्हणाल्या, आणि मागचं दार उघडून सरळ शेवटच्या बाकावर, हेडमास्तरांच्या शेजारी जाऊन बसल्या. "हलकं ते मागे," त्या म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

आचारी पुढे येऊन बसला. आपली हक्काची सीट इतक्या वर्षांनी परत मिळूनही त्याला गंमत वाटेना. तो शहर येईपर्यंत एका बाजूला अंग चोरून बसला होता. तराजू आरशात बघायचा तेव्हा त्याला हेडमास्तर दिसायचे, आणि हेडमास्तरांच्या शेजारी फक्त खिडकीकडे वळलेली एक वेणी. घाटाच्या पहिल्या वळणावर कुणी काच खाली केली नाही.

सुदैवाची गोष्ट म्हणजे या सगळ्यात कुणाच्या जिवावर बेतलं नव्हतं. ते तराजूला टायरवाल्याच्या दुकानात उभं राहिल्यावर जाणवलं. त्याने त्या आवाळूवर बोट फिरवलं. एकीच्या पाठीची काळजी करताना गाडीभर माणसांच्या मानेवर त्याने सुरी टांगून ठेवली होती, आणि वर स्वतःला सावध ड्रायव्हर म्हणवत होता. त्याने काही घासाघीस केली नाही. "ते जाड थरांचे टायर घाल," तो म्हणाला. "सगळ्या चाकांना. आणि पोलादी रिम."

"काळ्या?" ताईने शेवटचा प्रयत्न केला.

"काळ्या."

"बरं," ताई म्हणाली. "आणि नियमाचं काय करणार?"

"आता नियमाचं काय काम?"

"तेच विचारतेय. आता त्या बाईला तू काय म्हणून पुढे बसवणार आहेस? गूळ म्हणून, की गहू म्हणून? इतकी वर्षं किलोच्या आड लपलास. आता किलो संपले, लेकरा." ताई चिडवताना हसायची, आज ती हसत नव्हती. "त्या लोखंड उचलत होत्या आणि तुला एक वाक्य उचलवत नाही."

तराजू टायर रिमवर चढताना बघत राहिला. यंत्राचा हात फिरला, टायरची कड रिमवर घट्ट बसली, हवा भरताना 'टप्प' असा दोनदा आवाज आला, आणि टायरवाल्याने समाधानाने त्यावर थाप मारली. चाक बसवताना प्रत्येक नट समोरासमोरच्या जोडीने आवळायचा असतो, हे टायरवाला कितव्यांदा तरी सांगत होता, आणि तराजूच्या डोक्यात तेच एक वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने आवळलं जात होतं. कुठल्याच तऱ्हेने ते बसेना.

गाडी दुकानात होती तेव्हा मंडळी आपापल्या सोयीने गेली. मग गाडी तयार झाली त्या सकाळी तराजू ती घेऊन पहिल्या थांब्यावर आला. हा थांबा फक्त टेलरबाईंचा. बाकीचे पुढे चौकात चढायचे. गाडी नव्या टायरांवर जरा उंच दिसत होती आणि खड्ड्यातून येताना तिने त्याला टाळूपर्यंत दणका दिला होता.

बाई उभ्या होत्या. हातात फक्त डब्याची छोटी पिशवी. मोकळ्या हातांनी त्या इतक्या वेगळ्या दिसत होत्या की त्याला क्षणभर वाटलं, दुसरंच कुणी उभं आहे. त्यांनी टायरांकडे पाहिलं, "छान आहेत," म्हणाल्या, आणि मागच्या दाराकडे निघाल्या.

तराजू खाली उतरला. सकाळच्या वेळी थांब्यावर तो कधी उतरत नसे, त्यामुळे बाई थांबल्या.

"पुढे बसा," तो म्हणाला.

"का? टायरवाले म्हणाले, आता कुणीही कुठेही बसलं तरी चालतं."

"हो. कुठेही चालतं."

"मग?"

तराजूने चाकाला हलकेच पाय लावला. मग पाय मागे घेतला. "नियम तुमच्यासाठी कधी नव्हताच," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीही नव्हता. मशीन मागे ठेवलं असतं तरी चाललं असतं. मला तुम्ही शेजारी हव्या होत्या, म्हणून मी जड ते पुढे म्हणालो. अजूनही हव्या आहात. वजन असो नसो."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण हे सगळं टायरशी बोललो. मग त्याने वर पाहिलं. बाईंचा चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त डब्याची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"हे आधी बोलला असतात," त्या म्हणाल्या, "तर माझे खांदे वाचले असते."

"चुकलं माझं."

"पुष्कळच चुकलं." त्यांनी स्वतःच पुढचं दार उघडलं आणि बसल्या. पायाशी आता काहीच नव्हतं, त्यामुळे पाय कुठे ठेवावेत ते त्यांना थोडा वेळ सुचेना.

चौकात आचाऱ्याने सवयीने पुढच्या दाराला हात घातला, आत पाहिलं, आणि दार आवाज न करता परत लावलं. मग तो मागे जाऊन शेवटच्या बाकावर ऐसपैस पसरला आणि म्हणाला, "वा. इथे तर झोपताही येतं." हेडमास्तर आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या रांगेत बसले आणि ताठ बसले. नर्सबाईंनी चढताना पुढे एकदा बघून घेतलं आणि मग सगळ्यांना डोळ्यांनीच दटावलं, की कुणी काही बोलायचं नाही.

घाटाचं पहिलं वळण आलं. बाईंनी काच अर्धी खाली केली. गाडी एका खड्ड्यातून गेली आणि दोघंही सीटवरून उडाली.

"फार कडक आहेत हो," बाई म्हणाल्या.

"पाठ दुखली?"

"नाही. आता नाही दुखत." त्यांनी पदर सावरला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रविवारी तुमची गाडी नसते ना?"

"नसते."

"मग रविवारी मी कुठे बसायचं?"

तराजूने गिअर बदलला. वळण मोठं होतं आणि समोरून एक ट्रक येत होता, पण त्यासाठी त्याला एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. "घरी या," तो म्हणाला. "आमच्या घरी. मी आजच ताईला विचारतो."

"ताईंचं बोलावणं मला कधीच आलंय," बाई म्हणाल्या. "तुमचंच यायचं राहिलं होतं."